वीस सेकंदांचा शॉर्टकट

सुरुवात मेथीच्या जुडीपासून झाली. माझ्या सासूबाई रोज सकाळी घंटाळी देवीला जातात, येताना भाजी आणतात, वय ७८ पण चालणं ठणठणीत. त्या दिवशी आमच्याच गल्लीत, गेटपासून दहा पावलांवर, एका स्कूटरचं हँडल त्यांच्या पिशवीत अडकलं, पिशवी गेली, मेथी रस्त्यावर आणि त्या भिंतीला धरून कशाबशा उभ्या राहिल्या. पोरगा थांबला, "सॉरी आजी" म्हणाला, पण मागच्यांनी एवढे हॉर्न मारले की बिचारा पळालाच. मेथी उचलायच्या आत एक भलीमोठी गाडी तिच्यावरून गेली. घरी येऊन आई पाणी प्यायल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, एवढ्या गाड्या आपल्याकडे येतात तरी कुणाकडे?"

तेव्हा मी काहीतरी "जाऊ द्या हो आई" टाइप बोलले. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

ठाण्यातल्या नौपाड्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. हरिनिवास सर्कल, तीन पेट्रोल पंप, गोखले रोड, राम मारुती रोड या सगळ्याच्या मधे ज्या आडव्या-उभ्या गल्ल्या आहेत त्यातली आमची एक. नाव लिहीत नाही, नाहीतर अजून चार जणांना शॉर्टकट कळेल. तीनेकशे मीटर लांब, दोन गाड्या कशाबशा पास होतील एवढी रुंद, त्यात दोन्ही बाजूला पार्किंग, म्हणजे खरी वाट दीड गाडीची. पी-१ पी-२ चे, म्हणजे एक दिवस या बाजूला आणि एक दिवस त्या बाजूला पार्किंगचे, बोर्ड आहेत पण आज सम तारीख की विषम हे आमच्याकडे फक्त टोइंगची गाडी आली की आठवतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा इथे दुपारी पोरं क्रिकेट खेळायची. मग तीन हात नाक्याचं जे काय व्हायचं ते झालं, त्यावर मेट्रो ४ चं काम आलं, बॅरिकेड आले, मेन रोडची रुंदी गेली. इकडे जुन्या बिल्डिंगा रीडेव्हलपमेंटला गेल्या, जिथे १२ बिऱ्हाडं आणि ३ स्कूटर होत्या तिथे टॉवर आणि त्याच्या पोटात स्टॅक पार्किंग. आणि तिसरं म्हणजे फोन. पूर्वी आमच्या गल्लीतून आरपार जाता येतं हे माहीत असायला पक्का ठाणेकर असावं लागायचं, आता मुलुंडचा काय नि मीरा रोडचा काय, फोनमधली बाई म्हणते डावीकडे वळा की वळले.

सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ. समोरासमोर दोन एसयूव्ही आल्या की संपलं, दोघंही रिव्हर्स घेणार नाहीत, मागे रिक्षा चिकटलेल्या, त्यांच्या फटीतून टू-व्हीलर, आणि शेवटी आमचा इस्त्रीवाला भैया हातातली इस्त्री ठेवून शिट्टी न वाजवणारा ट्रॅफिक हवालदार होणार. त्याने एकदा मला हिशोब सांगितला होता की या कामात त्याच्या रोजच्या आठ-दहा कपड्यांचा तोटा होतो. कोण भरून देणार.

तर मेथीनंतर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला आणि आम्ही जे जे चुकीचं करता येईल ते सगळं आधी करून घेतलं.

पहिलं म्हणजे बॅनर. "हा रहदारीचा रस्ता नाही" असा फ्लेक्स. लोकांनी त्याच्या खाली गाड्या लावल्या, सावलीला. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून आलेली कुंड्यांची आयडिया, तोंडाशी चार मोठ्या कुंड्या ठेवायच्या म्हणजे गाड्या आपोआप हळू होतील. दुसऱ्या दिवशी पालिकेचा माणूस आला, भला माणूस होता, म्हणाला ताई सार्वजनिक रस्ता आहे, उद्या अ‍ॅम्ब्युलन्स अडकली तर तुमच्यावर केस होईल, उचला. उचलल्या. त्यातली जास्वंद मेली.

आणि स्पीडब्रेकर. हा किस्सा मी माझ्या जबाबदारीवर सांगते. आमच्या एका मेंबरांकडे बाथरूमच्या कामाचं सिमेंट उरलं होतं. रात्री दीड वाजता दोन जणांनी मिळून रस्त्यावर ते थापलं. सकाळी पाहिलं तर स्पीडब्रेकर कसला, शेताचा बांध. पहिली घासली ती आमच्याच खजिनदारांची गाडी, बंपर हातात. तिसऱ्या मजल्यावरचे काका पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, ते खाली आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि मग त्यांनी सगळ्यांची शाळा घेतली. इंडियन रोड्स काँग्रेसचं म्हणून एक पुस्तक असतं, आयआरसी ९९, त्यात स्पीडब्रेकरचं माप दिलंय, १० सेंटीमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदी, म्हणजे एखाद्या गाडीच्या लांबीएवढी पसरट टेकडी, तशी केली तर ताशी २५ च्या आसपास गाडी आरामात जाते आणि त्यापेक्षा जोरात गेली तरच हिसका बसतो. "तुम्ही केलंय ते हाडं मोडायचं मशीन आहे," काका म्हणाले. पुन्हा रात्रीच फोडलं. दोन वेळचे कष्ट.

मग एकदाचं सरळ मार्गाने जायचं ठरलं. वाहतूक शाखेत अर्ज घेऊन गेले, ४७ सह्या, विषय, संदर्भ, सगळं रीतसर. तिथले साहेब अर्ज वाचून म्हणाले, "मॅडम, त्रास होतो हे मान्य. पण गाड्या किती? त्यातल्या तुमच्या किती, बाहेरच्या किती? कशावरून?" मी गप्प. कारण आईंनी विचारलेला प्रश्न तोच होता, फक्त सरकारी भाषेत. बाहेर येऊन आधी राग आला, टोलवतायत असं वाटलं. रिक्षात बसल्यावर वाटलं की प्रश्न बरोबर आहे. आम्ही "प्रचंड वाहतूक" लिहिलं होतं. प्रचंड म्हणजे किती हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

मोजणीची पद्धत पीडब्ल्यूडीवाल्या काकांनी सांगितली आणि मला विचाराल तर या सगळ्या भानगडीत शिकण्यासारखं काही असेल तर ते हेच. नुसत्या गाड्या मोजून उपयोग नाही. गल्लीच्या दोन्ही तोंडांना माणसं बसवायची. प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. घरी येऊन दोन्ही याद्या जुळवायच्या. जो नंबर एका टोकाला आत आला आणि चार मिनिटांच्या आत दुसऱ्या टोकाला बाहेर पडला तो आरपार गेला, त्याचं आपल्याकडे काही काम नव्हतं. जो आत आला आणि बाहेर आलाच नाही किंवा अर्ध्या तासाने आला तो कोणाकडे तरी आला होता. एवढं सोपं. चार मिनिटं का तर रिकाम्या रस्त्यावर एक मिनिटसुद्धा लागत नाही, पण समोरासमोरचा तो एसयूव्ही प्रकार झाला तर अडकणार, त्याची सूट द्यायची. वार मंगळवार-बुधवार घ्यायचा, सोमवार-शुक्रवार नको, सणाच्या आठवड्यात तर नकोच. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर मोजायला बसलात तर नुसते झब्बे मोजाल.

माणसं म्हणजे आमची पोरं. दहावीची परीक्षा झालेली होती, रिकामटेकडी होती, मामलेदारची मिसळ कबूल केली. चार जण एका वेळी, एक ओरडून आकडे सांगणार, एक लिहिणार. पहिल्या दिवशीचे कागद फुकट गेले कारण एकाचा १ आणि ७ सारखाच दिसत होता आणि दुसऱ्याचं घड्याळ तीन मिनिटं पुढे होतं, त्यामुळे गाड्या आत येण्याआधीच बाहेर पडत होत्या! दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी फोनची वेळ लिहायची आणि ७ ला मधे रेघ मारायची.

बुधवारी सकाळी ९ ते ११, एकूण ६४० गाड्या. त्यातल्या ४१८ आरपार. २५१ टू-व्हीलर, ९२ रिक्षा, ७५ कार.

म्हणजे आईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. कुणाकडेच नाही.

पण याद्या जुळवताना एक भलतंच निघालं. माझी मुलगी नंबर वाचत होती आणि एकदम थांबली. ९ वाजून १२ मिनिटांनी आत, ९ वाजून १४ मिनिटांनी बाहेर, आणि नंबर आमच्याच स्कूटरचा. आमचे हे तिला क्लासला सोडून येताना स्टेशनकडे जायला स्वतःच्या घरासमोरून आरपार गेले होते, थांबलेसुद्धा नाहीत. मग आम्ही यादी पुन्हा नीट पाहिली, आमच्या आणि शेजारच्या दोन-तीन गल्ल्यांचे ओळखीचे नंबर बरेच निघाले. बाहेरचे बाहेरचे म्हणून आम्ही जो घसा कोरडा केला होता त्यातले काही बाहेरचे रात्री आमच्याच डायनिंग टेबलावर जेवत होते. मी त्या दिवसापासून अर्जातला "बाहेरील वाहने" हा शब्द काढून "थेट आरपार जाणारी वाहने" असा केला. यांनी त्यावर काही प्रतिक्रिया दिली नाही.

स्पीडपण मोजला. खडूने ५० मीटरवर दोन रेघा मारल्या आणि फोनचं स्टॉपवॉच. ५ सेकंदात ५० मीटर म्हणजे ताशी ३६. दुपारी रस्ता मोकळा असताना टू-व्हीलर साडेचार सेकंदात जात होत्या, म्हणजे ताशी ४०, आणि हे जिथे पोरं गेटमधून धावत बाहेर येतात तिथे. गर्दीच्या वेळी हॉर्न आणि मोकळ्या वेळी स्पीड, म्हणजे आमच्या नशिबी दोन्ही.

आणि अजून एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच केलं. सकाळी साडेनऊला स्कूटर काढून मेन रोडने सिग्नल घेऊन गेले, ४ मिनिटं १० सेकंद. परत फिरून आमच्या गल्लीतून गेले, ३ मिनिटं ५० सेकंद. तीन दिवस केलं, थोडंफार इकडे-तिकडे पण तेवढंच. वीस सेकंद! वीस सेकंदांसाठी ४१८ गाड्या माझ्या सासूची मेथी तुडवत होत्या. संध्याकाळी मेन रोड पार तुंबला की फायदा जास्त असतो हे खरंय, पण सकाळी वीसच. तेव्हा डोक्यात आलं की रस्ता बंद करायची गरजच नाही, फक्त हे वीस सेकंद काढून घ्यायचे.

दरम्यान माहिती अधिकार. गल्लीच्या एका तोंडाला बदामाच्या झाडात घुसलेला एक गंजका नो-एन्ट्रीचा बोर्ड आहे, अर्धा तर पानांतच. काही जुने लोक म्हणायचे की आपली गल्ली पूर्वी वन-वे होती, बोर्ड आहे ना, मग तोच लागू करा. १० रुपयांचा स्टँप लावून अर्ज टाकला. आपल्या महाराष्ट्रात आरटीआयचा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत लिहावा लागतो, माझा पहिला मसुदा ४०० शब्दांचा होता त्यात मेथीसुद्धा होती. अर्ज एका कार्यालयातून कलम ६(३) खाली दुसऱ्या कार्यालयात गेला, तिथून उत्तर २८ व्या दिवशी, "सदर बाबतची नोंद अभिलेखात आढळून येत नाही." म्हणजे बोर्ड आहे पण आदेश नाही. आणि आदेश नसेल तर बोर्ड म्हणजे नुसता पत्रा. वन-वे, नो-एन्ट्री या गोष्टी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ आणि ११६ खाली अधिसूचना निघाल्यावरच लागू होतात. इतकी वर्षं आम्ही त्या पत्र्याच्या नावाने लोकांशी भांडत होतो.

तर अर्ज नंबर दोन, आकड्यांसह. मागणी काय, तर आमची गल्ली वन-वे करा. साहेबांनी या वेळी खुर्चीवर बसवलं, तक्ते नीट वाचले आणि विचारलं, "उलट दिशेच्या गाड्या कुठून जाणार?" मी म्हटलं शेजारच्या गल्लीतून. "त्यांना विचारलंय?"

नव्हतं विचारलं. खरं सांगते, सुचलंच नव्हतं.

शेजारच्या गल्लीबरोबरची पहिली मीटिंग त्यांच्या सोसायटीच्या गच्चीत झाली. जन्मात विसरणार नाही. मी माझे तक्ते घेऊन उभी, दोन वाक्यं बोलले असेन, की मागून एक काकू उठल्या, "म्हणजे तुमच्या दारातला केर आमच्या दारात लोटायचा, असंच ना?" टाळ्या. मग डेअरीवाले, की गिऱ्हाईक गाडी थांबवून दूध घेतं, वन-वे केलं तर धंदा बसला. मग दवाखान्यातले डॉक्टर, पेशंटला फेरा पडेल. रिक्षा स्टँडवाले दोघं आले होते ते काही बोलले नाहीत, फक्त एकमेकांकडे बघून हसले, त्याचा अर्थ मला नंतर कळला, ते कसंही जाणारच होते. एक जण म्हणाले मग दोन्ही गल्ल्यांच्या रहिवाशांना स्टिकर द्या आणि बाकीच्यांना बंदी घाला. हे सगळ्यांना एकदम पटलं. सोसायट्यांना स्टिकर फार आवडतात.

मला नेमकं भाच्याने सांगितलेलं आठवलं. तो न्यू जर्सीत असतो. तिथे जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजच्या जवळ लिओनिया नावाचं छोटं गाव आहे, फोनमधल्या मॅपमुळे पुलाकडे जाणाऱ्या गाड्या गावाच्या आतल्या रस्त्यांनी घुसायला लागल्या. त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये साधारण ६० रस्ते गर्दीच्या वेळी बाहेरच्यांना बंद केले, गावकऱ्यांना आरशाला लटकवायला पिवळे टॅग, टॅग नसेल तर २०० डॉलर दंड. झालं काय, दुकानदारांची बोंब, गिऱ्हाईकच येईना, प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने त्याच वर्षी तो नियम रद्द ठरवला. माझ्या मते सार्वजनिक रस्ता हा सार्वजनिकच. हे ऐकल्यावर गच्चीत जरा शांतता झाली, कोर्ट म्हटलं की होते. स्टिकर मागे पडले. पण केराचा मुद्दा तसाच राहिला आणि काकूंचं चुकलं होतं असं मी अजूनही म्हणणार नाही.

मार्ग काढला तो त्याच गल्लीतल्या दोघांनी. एक आर्किटेक्चरला शिकणारी मुलगी आणि एक प्लंबर, ज्याचं दुकान दोन्ही गल्ल्यांना जोडणाऱ्या मधल्या बोळाच्या कोपऱ्यावर आहे. ती बार्सिलोनाचं सांगत होती, तिकडे नऊ-नऊ ब्लॉकचा एक गट करतात, आरपार जाणाऱ्या गाड्या गटाच्या बाहेरून आणि आत फक्त ज्यांचं काम आहे ते, आत शिरलेली गाडी वळून वळून पुन्हा शिरली त्याच बाजूला बाहेर पडते. लोक जांभया देत होते. तेवढ्यात प्लंबर म्हणाला, "म्हणजे ताई, सरळ पायपाला दोन एल्बो मारायचे. प्रेशर पडतंच." सगळ्यांना कळलं. मलासुद्धा तेव्हाच कळलं.

तर ते एल्बो असे. आमच्या गल्लीत दोन्ही टोकांकडून फक्त आत यायचं, मधल्या बोळापर्यंत. म्हणजे दोन वन-वे एकमेकांच्या समोर तोंड करून. तिथून बोळात वळायचं, बोळपण वन-वे, मग शेजारच्या गल्लीत निघायचं आणि तिथून दोन्ही टोकांना फक्त बाहेर जायचं. आमच्याकडे सगळं आत, त्यांच्याकडे सगळं बाहेर. आरपार जायचंच असेल तर जाता येतं, पण सरळ सुसाट नाही, दोन काटकोनी वळणं घेऊन त्या चिंचोळ्या बोळातून. कोणाच्या दारात कोणाचा केर नाही, अर्धा-अर्धा दोघांच्या. त्या काकू म्हणाल्या, "हे आधी बोलला असतात तर." मी काय बोलणार, आधी मलाच कुठे माहीत होतं.

जॉइंट व्हिजिटला वाहतूक शाखेचे एक अधिकारी, पालिकेचे ज्युनिअर इंजिनिअर आणि आम्ही दोन्हीकडचे मिळून पंधरा जण. इंजिनिअरसाहेब तरुण होते, टेप घेऊन आले होते, बोळाची रुंदी मोजली, कोपऱ्याचं वळण मोजलं आणि म्हणाले बाकी ठीक आहे पण फायर ब्रिगेडची गाडी इथे वळणार नाही. का, तर बोळाच्या तोंडाशी कव्हर घातलेली एक ओम्नी. ती तिथे इतकी वर्षं आहे की पोस्टमन पत्ता सांगताना ओम्नीच्या पुढे असं सांगतो. चारही टायर बसलेले, कव्हरवर बदामाची पानं, खाली मांजरीने पिल्लं घातलेली. सगळे विचारायला लागले गाडी कोणाची, गाडी कोणाची. आमच्या सोसायटीच्या चेअरमनची. ते त्याच पंधरा जणांत उभे होते आणि अचानक त्यांना कोणाचा तरी फोन आला. ओम्नी हलायला त्यानंतर पाच आठवडे लागले. अख्ख्या प्रक्रियेत सरकारी कामाला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा जास्त चिडचिड माझी त्या ओम्नीने केली. शेवटी भंगारवाला आला तेव्हा चेअरमनकाकू खिडकीत उभ्या राहून डोळे पुसत होत्या, त्यांच्या मुलाला त्याच गाडीतून हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं म्हणे. मला एकदम वाईट वाटलं. पिल्लं इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली शिफ्ट झाली.

अधिसूचना निघाली ती प्रायोगिक तत्त्वावर, ३० दिवसांसाठी. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांना लागू नाही, आणि कोणाला हरकत असेल तर लेखी कळवा. हरकती सात आल्या. चार शेजारून, तीन आमच्याच बिल्डिंगमधून! त्यातली एक दुसऱ्या मजल्यावरच्या त्या काकांची ज्यांची अर्जावर पहिल्या पानावर सही होती. त्यांना आता स्टेशनला जाताना केवढातरी फेरा पडतो. मी म्हटलं काका, अहो सही तुमचीच होती. म्हणाले, "मला वाटलं बाकीच्यांना बंद करणारात."

पहिला आठवडा नुसता तमाशा. सकाळी वॉर्डन उभा होता तोवर ठीक, तो गेला की गाड्या पूर्वीसारख्या सरळ घुसणार, मधल्या बोळाशी समोरून नो-एन्ट्री दिसली की थांबणार, उतरून बोर्ड वाचणार, मग फोन काढून बोर्डाला खोटं पाडायचा प्रयत्न करणार, "मॅपमधे तर सरळ दाखवतंय." तेव्हा लक्षात आलं की अधिसूचना मॅपवाल्यांना कोणी पाठवतच नाही. रस्त्याची दिशा बदलली असं आपणच त्या अ‍ॅपमध्ये सुचवायचं असतं, कोणालाही करता येतं. आर्किटेक्टवाल्या मुलीने केलं, आम्ही आठ-दहा जणांनी बोर्डाच्या फोटोसकट केलं, काही दिवसांनी एका सकाळी फोनमधल्या बाईने ऐकलं. माझ्या मते बोर्डापेक्षा जास्त फरक त्याने पडला. कारण त्या सकाळी कार एकदम कमी दिसल्या, आणि भैया दहा वाजता पहिल्यांदा निवांत चहा पीत बसला होता.

३० दिवस संपायच्या आत पुन्हा मोजलं, बुधवार, ९ ते ११, तीच पद्धत. या वेळी तोंडं चार झाली, आत यायची दोन आणि बाहेर जायची दोन, म्हणून पोरं दुप्पट आणि मिसळपण. आरपार २३१. त्यात कार ७५ वरून २२, रिक्षा ९२ वरून ४१. टू-व्हीलर १६८, म्हणजे त्या काही हटल्या नाहीत, त्यांना एल्बो काय नि नळ काय, त्या फटीतून जातातच, वर उलट्या दिशेनेसुद्धा येतात आणि वर आपल्यालाच "आंटी बाजूला" म्हणतात. पण ५० मीटरला आता सात-साडेसात सेकंद लागतात, म्हणजे ताशी २४-२५. मी पुन्हा स्कूटर काढून वेळ लावून पाहिली, गल्लीतून ४ मिनिटं ४०, मेन रोडने तेच ४ मिनिटं १०. शॉर्टकट आता तीस सेकंदांनी लांबचा आहे, तरी १६८ जण येतात. सवय.

गेलेल्या गाड्या कुठे गेल्या हे विचारू नका असं म्हणणार होते पण मीच शोधलं. बऱ्याचशा मेन रोडवर, तिथली रांग संध्याकाळी थोडी वाढलीये असं मला वाटतं, मोजलेलं नाही म्हणून छातीठोक सांगत नाही. आणि काही दोन गल्ल्या सोडून पलीकडे. तिथल्या सेक्रेटरी बाई परवा भाजीवाल्याकडे भेटल्या, जरा घुश्शातच होत्या, साहजिक आहे. मोजणीचा कोरा फॉर्म मागितला, पाठवला, आणि ७ ला रेघ मारायला सांगितलं.

आमची मुदतवाढ मिळालीये, कायमची अधिसूचना अजून यायचीय. आई घंटाळीला पूर्वीसारख्याच जातात, फक्त आता पिशवी भिंतीकडच्या हातात धरतात. हे पण आता फेरा मारून स्टेशनला जातात, कुरकुर करत.

काल रात्री एका टेम्पोने रिव्हर्स घेताना बोळाच्या तोंडाचा नो-एन्ट्रीचा बोर्ड फिरवला. सकाळी पाहिलं तर नो-एन्ट्री इस्त्रीवाल्याच्या टेबलाकडे तोंड करून उभी, आणि प्लंबर स्टुलावर चढून पाना मारतोय, भैया खालून खांब धरून उभा. तक्रार नोंदवलीये, नंबर मिळालाय. तोवर सुतळीने बांधून ठेवलाय.